२७ व्या वर्षी बीपी १७८, आणि किडनीत दडलेली दीड सेंटीमीटरची गाठ: नागपुरात तपासण्या कशा झाल्या त्याची सगळी हकीकत

ज्यांचं वय तिशीच्या आत आहे, बीपी गोळ्यांना दाद देत नाहीये आणि सोबत पोटॅशियम कमी येतंय, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मुख्यतः हे लिहून ठेवतेय. मी शोधत होते तेव्हा मराठीत काहीच सापडलं नाही, इंग्रजीत जे होतं ते डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं. मी डॉक्टर नाही, कॉलेजात अकाउंट्स शिकवते. त्यामुळे गोळ्यांची नावं वाचून स्वतःच काही बदलू नका, ती फक्त माझ्या बाबतीत काय झालं ते कळावं म्हणून दिली आहेत.

मार्चपासूनच डोकं दुखायचं. नागपूरचा उन्हाळा म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं ऊन लागलं, मीही कांद्याचा रस, पन्हं, दुपारी बाहेर न पडणं सगळं केलं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागायचं, पहाटे पोटऱ्यांत गोळे यायचे, जिना चढताना मांड्या लटपटायच्या. यातलं काहीच एकमेकांशी जोडावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. ४ मे ला चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मेडिकल चौकाजवळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थेंब टाकून पडदा बघितला, मग काही न बोलता बीपीचं मशीन मागवलं. १७८/११४. पुन्हा घेतलं, तेवढंच. चिठ्ठीवर आकडा आणि तारीख लिहून म्हणाले, आजच फिजिशियनला दाखवा, उद्यावर टाकू नका. ती चिठ्ठी जपून ठेवली ते फार बरं झालं, पुढे इन्शुरन्सच्या वेळी तीच कामी आली.

घरी सांगितल्यावर आई म्हणे, "इतक्या लहान पोरीला काहून बीपी राहीन वं?" मावशीचं म्हणणं, लग्नाचं टेन्शन घेऊन राहिली असशील. फॅमिली डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू केली, रक्त तपासलं, त्यात पोटॅशियम २.८ निघालं. नॉर्मल साडेतीनच्या वर पाहिजे. ते बघून त्यांनी लगेच धंतोलीतल्या एका फिजिशियन सरांकडे पाठवलं.

सरांनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट नीट समजावली. पन्नाशीत बीपी वाढलं तर बहुतेकदा त्यामागे एक असं ठरावीक कारण सापडत नाही, पण या वयात इतकं वाढलं तर कारण शोधायचंच असतं. किडनीला रक्त नेणारी नस अरुंद असू शकते (आपल्याकडे तरुण मुलींमध्ये टाकायासू नावाच्या आजारात हे होतं), किडनीच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीत गाठ असू शकते, किडनीचाच आजार असू शकतो. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.७, लघवीचा रिपोर्ट चांगला. टूडी इको मध्ये हृदयाची भिंत थोडी जाड आली, म्हणजे बीपी बरेच महिने वाढलेलं असणार. हे ऐकून बाबा एकदम गप्प झाले. ते रिटायर्ड झालेत, घरातले सगळ्यांचे रिपोर्ट फाईलला लावायचं काम त्यांचं, त्या दिवशी त्यांनी माझ्या नावाची नवीन फाईल आणली.

१० मे ला सोनोग्राफी आणि रीनल डॉप्लर (किडनीच्या नसांतला रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी), २,३०० रुपये. उपाशीपोटी जायचं, कारण पोटात गॅस असला की किडनीच्या नसा नीट दिसत नाहीत. शक्य असेल तर सकाळची पहिली अपॉइंटमेंट घ्या, मे मध्ये बारा वाजेपर्यंत उपाशी बसणं खरंच कठीण जातं. रिपोर्ट दोन्ही किडन्या नॉर्मल. पण सरांना डॉप्लरवर पूर्ण भरवसा नव्हता, म्हणाले ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर आणि पेशंटच्या पोटावर अवलंबून असते, नसा नक्की बघायच्या तर सीटी अँजिओ करू.

१७ मे ला तो झाला, रामदासपेठेत, ८,५०० रुपये. चार तास उपाशी, पण बीपीची गोळी सकाळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची असते, ती चुकवायची नाही. सोबत ताजा क्रिएटिनिन रिपोर्ट लागतो, तो नसला तर तिथेच रक्त काढतात आणि तासभर जातो. फॉर्मवर अॅलर्जी, दमा, शुगरची गोळी (मेटफॉर्मिन असेल तर सांगायलाच हवं), शेवटची पाळी कधी आली हे सगळं विचारतात. लग्न न झालेल्या मुलींना बाबांसमोर हे विचारलं की अवघडल्यासारखं होतं, पण रेडिएशनचा प्रश्न आहे, त्यांना ते विचारावंच लागतं. मी फॉर्म स्वतःच्या हाताने भरला, ते सोपं गेलं.

मग हाताच्या नसेत इंट्राकॅथ म्हणजे औषधाची बारीक नळी लावली, टेबलावर झोपवून हात डोक्याच्या वर घ्यायला लावले. आयोडीनवालं औषध मशीनमधून प्रेशरने आत जातं. गळ्यापासून खाली एक गरम लाट उतरत जाते, तोंडाला धातूची चव येते आणि कपड्यातच लघवी झाली असं अगदी खरं खरं वाटतं. झालेली नसते. अर्ध्या मिनिटात सगळं ओसरतं. मशीनमधून आवाज येतो, "सांस अंदर लो, रोको", तेव्हा बिलकूल हलायचं नाही. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं आणि मी फार घाबरले होते, म्हणून सविस्तर लिहितेय. नंतर दिवसभर भरपूर पाणी प्यायला सांगतात आणि घरी जाताना गाडी दुसऱ्याने चालवावी, माझ्यासोबत दादा होता.

रिपोर्ट आला की दोन्ही बाजूच्या नसा मोकळ्या, अॅड्रिनल दोन्ही नॉर्मल. आई त्याच संध्याकाळी टेकडीच्या गणपतीला जाऊन आली. मला मात्र आनंदच होईना, कारण बीपी तीन गोळ्यांवरही १६० च्या खाली येत नव्हतं आणि पोटॅशियमचं ते घाण चवीचं सिरप पाण्यात मिसळून रोज प्यावं लागत होतं. सगळं नॉर्मल आहे आणि तरी तब्येत बरी नाही, हा काळ मला ऑपरेशनपेक्षाही जास्त जड गेला. कॉलेजमध्ये लोक म्हणायचे, रिपोर्ट नॉर्मल आहेत ना मग योगा कर.

फिजिशियन सरांनी प्रकरण तिथे सोडलं नाही. त्यांनी एका एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या डॉक्टर) मॅडमकडे पाठवलं आणि इथून दिशा बदलली. मॅडमना रक्तातलं रेनिन आणि अल्डोस्टेरॉन बघायचं होतं. रेनिन किडनीतून निघतं, त्यातून पुढे जी साखळी सुरू होते ती नसा आकसवते आणि अॅड्रिनलमधून निघणारं अल्डोस्टेरॉन वाढवते, आणि अल्डोस्टेरॉन वाढलं की पोटॅशियम लघवीतून निघून जातं. माझ्या पोटऱ्यांतले गोळे, रात्रीची लघवी, बीपी, सगळं एका ओळीत बसलं ते इथे. पण अडचण अशी की टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या आणि लघवीच्या गोळ्या यांनी रेनिन आपोआप वर जातं, बीटा ब्लॉकर या बीपीच्या गोळ्यांनी खाली येतं, मग आकडा खरा कसा समजायचा. म्हणून त्या गोळ्या बंद करून चार आठवडे व्हेरापामिल आणि प्राझोसिन या रेनिनला फारसा धक्का न लावणाऱ्या गोळ्यांवर ठेवलं. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं असतं, बीपी रोज दोन वेळा वहीत लिहायचं, १८० च्या वर गेलं तर फोन करायचा. प्राझोसिनचा पहिला डोस झोपताना घ्यायला सांगितला होता कारण उठताना चक्कर येऊ शकते, आणि आली, पलंगाची कड धरून उभी राहिले.

२० जूनला रक्त दिलं. सकाळी उठून किमान दोन तास चालतं-फिरतं राहायचं, मग दहा-पंधरा मिनिटं बसायचं, मग सॅम्पल. पोटॅशियम त्याआधी नॉर्मलला आणलेलं हवं. ४,८०० रुपये, सॅम्पल मुंबईला गेलं, रिपोर्ट यायला आठवडा. रेनिनची रिपोर्टवर छापलेली वरची मर्यादा ४६ च्या आसपास होती, माझं ४०० च्या वर. अल्डोस्टेरॉन पण वाढलेलं.

मॅडमनी कागदावर लिहूनच दाखवलं. अॅड्रिनलची गाठ अल्डोस्टेरॉन बनवत असती तर रेनिन दबलेलं असतं. रेनिन वाढलंय म्हणजे ते वाढवणारं काहीतरी किडनीकडे आहे. नस अरुंद असती तर वाढलं असतं, पण नसा मोकळ्या आहेत. मग उरतं काय, तर रेनिन बनवणारी गाठ. जक्स्टाग्लोमेरुलर सेल ट्युमर, थोडक्यात रेनिनोमा. पहिल्यांदा १९६७ साली याचं वर्णन झालं, जगभरातून आतापर्यंत काहीशेच केसेस छापून आल्यात, बहुतेक तरुण वयातल्या आणि बायकांमध्ये थोड्या जास्त. मग मी विचारलं, सीटी मध्ये तर काहीच नव्हतं ना? मॅडम म्हणाल्या, "सीटीला आपण नसांबद्दल विचारलं होतं. त्याने नसांचं उत्तर दिलं. सीडी आहे का?"

सीडी होती. ही गोष्ट प्रत्येकाने डोक्यात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. फिल्मवर निवडक फोटो असतात, सीडीवर सगळे शेकडो कट असतात आणि ते कॉम्प्युटरवर पुढे-मागे करून, मोजून बघता येतात. हल्ली बरेच सेंटर व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवतात, ती काही दिवसांनी बंद पडते. स्कॅन झाला की त्याच दिवशी सीडी किंवा पेनड्राईव्हवर डायकॉम फाईल्स (स्कॅनचे मूळ फोटो) मागून घ्या. बाबांनी फाईलमध्ये सीडीसाठी प्लास्टिकचा कप्पा लावून ठेवला होता.

मॅडमच्या चिठ्ठीसोबत आम्ही दुसऱ्या एका रेडिओलॉजिस्ट सरांकडे गेलो. त्यांनी मला आणि दादाला आत बोलावून स्क्रीन दाखवली, असं सगळेच करत नाहीत, मी त्यांची कायम ऋणी राहीन. माऊसचं चाक फिरवत ते उजव्या किडनीतून वरून खाली उतरत गेले. बाहेरची कड पांढरीशुभ्र आणि आत काळपट त्रिकोण. म्हणाले, "ही पांढरी कड कॉर्टेक्स, आतला काळा भाग मेडुला. अँजिओ आपण औषध गेल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत घेतो, तेव्हा नसा चमकतात, कॉर्टेक्स चमकतो, मेडुलात औषध पोचलेलंच नसतं. रेनिनोमा औषध हळू आणि कमी घेतो, तोही काळाच दिसणार. काळ्याच्या शेजारी काळं, कसं ओळखायचं?" मग एका जागी थांबले, तिथे कॉर्टेक्सची पांढरी पट्टी थोडी पातळ वाटत होती. "इथे मला शंका आहे. पण या फोटोंवर मी सही नाही करणार."

त्यांनी नव्याने मल्टीफेज सीटी, म्हणजे वेगवेगळ्या वेळी अनेक फेऱ्यांचा सीटी, करायला सांगितला. पुन्हा रेडिएशन म्हणून मी का-कू केली, तर त्यांनी समजावलं की फक्त किडनीपुरताच घेऊ, शेवटचा फेज खरंच गरज पडली तरच. आणि मॅडमना विनंती केली की रिक्वेस्ट फॉर्मवर नुसतं "हायपरटेन्शन" लिहू नका, रेनिन-अल्डोस्टेरॉनचे आकडे, पोटॅशियम आणि रेनिनोमाची शंका सगळं लिहा, म्हणजे टेक्निशियन त्या हिशोबाने प्रोटोकॉल लावेल आणि वाचणाऱ्याला काय शोधायचं ते कळेल. माझ्या सगळ्या अनुभवातून एकच गोष्ट कोणाला सांगायची असेल तर मी हीच सांगेन. स्कॅनच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचा, आणि तुमचे महत्त्वाचे ब्लड रिपोर्ट त्यात नसतील तर झेरॉक्स लावून द्या. काउंटरवरची मुलगी म्हणेल गरज नाही, तरी द्या.

२ जुलै, ७,५०० रुपये. या वेळी गरम लाटेची भीती वाटली नाही. आधी औषधाशिवाय एक फेरी, मग औषध जाऊन साधारण अर्ध्या मिनिटाने, मग शंभर सेकंदांच्या आसपास, तेव्हा कॉर्टेक्स आणि मेडुला दोन्ही सारखे उजळतात. आणि त्या सारख्या उजळ किडनीत उजवीकडे मधल्या भागात एक गोल काळसर ठिपका स्पष्ट दिसला. १.६ सेंटीमीटर. सरांनी त्यावर माऊसने छोटं वर्तुळ काढलं आणि ती जागा किती काळी-उजळ आहे त्याचा आकडा आला. पाण्याचा आकडा शून्य धरतात, चरबी असली तर उणे दहाच्याही खाली जातो. माझी गाठ औषधाशिवाय ३६, दुसऱ्या फेरीत ५२, तिसऱ्यात ८१, आणि शेजारची किडनी तेव्हा १७० च्या वर. वीसपेक्षा जास्त चढ म्हणजे आत रक्तपुरवठा आहे, साधी पाण्याची गाठ नाही. चरबीचा आकडा कुठेच नाही, म्हणजे नेहमीची अँजिओमायोलिपोमा नावाची साधी गाठ असण्याची शक्यता कमी.

पण लेखी रिपोर्टमध्ये खाली अजून एक ओळ होती. रेनिनोमा बहुधा, पण पॅपिलरी रीनल सेल कार्सिनोमा नाकारता येत नाही. कार्सिनोमा शब्द आईला कळतो. ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच भांडी. मी रेडिओलॉजिस्ट सरांना फोन केला, त्यांनी तो उचलला आणि सरळ सांगितलं की त्या प्रकारचा कॅन्सरही औषध कमीच घेतो, नुसत्या फोटोवरून दोघांत फरक शंभर टक्के करता येत नाही, फोटोला रक्ताच्या रिपोर्टची जोड आहे म्हणून पारडं रेनिनोमाकडे झुकतं. खोटा धीर दिला नाही याचाच मला धीर आला.

मधे एमआरआय पण झाला, ९,००० रुपये, त्यात विशेष काही नवीन निघालं नाही, चरबी अगदी कमी असलेली अँजिओमायोलिपोमा आहे का ते बघायचं होतं, ती नव्हती. आतल्या ठकठक आवाजासाठी कानात कापूस मागून घ्या आणि केसांच्या पिना घरीच काढून जा, बाकी त्रास नाही. बायोप्सीबद्दल मी विचारलं. युरोलॉजिस्ट सर म्हणाले की बीपी इतकं असताना सुई घालणं म्हणजे रक्तस्रावाची भीती, आणि उत्तर काहीही आलं तरी या वयात, या आकाराला गाठ काढायचीच आहे, किडनी वाचवून. दोन्ही किडन्यांच्या शिरांतून वेगवेगळं रक्त घेऊन रेनिन तपासायची पण एक पद्धत असते, पण गाठ डोळ्यांना दिसतेय तेव्हा त्याची गरज नाही असं डॉक्टरांचं मत पडलं. गोळ्या परत बदलल्या, टेल्मिसार्टन सुरू झाली आणि आता कारण माहीत असल्याने डोस वाढवून बीपी १४० पर्यंत आलं.

इन्शुरन्सचा त्रास झाला. प्री-ऑथ (खर्चाच्या आगाऊ मंजुरीचा अर्ज) पाठवल्यावर प्रश्न आला की बीपी पॉलिसीच्या आधीपासून नव्हतं कशावरून. डोळ्यांच्या डॉक्टरांची ४ मे ची चिठ्ठी, कॉलेजला लागताना दिलेलं मेडिकल फिटनेस (त्यात बीपी १२२/८० होतं) आणि मॅडमचं पत्र असं सगळं बाबांनी स्कॅन करून पाठवलं, तेव्हा मंजुरी आली. आमच्या पॉलिसीत भरती होण्याच्या ३० दिवस आधीपर्यंतचाच खर्च मिळतो, त्यामुळे मे-जूनच्या तपासण्या आणि २ जुलैचा सीटी असं सगळं खिशातून गेलं. तारीख ठरवताना ही मुदत बघून घ्या आणि प्रत्येक पावतीवर नाव आधारवर आहे तसंच लिहिलंय ना तेही बघा, माझ्या एका पावतीवर आडनाव चुकलं होतं, ते दुरुस्त करून घ्यायला परत चक्कर मारावी लागली. ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारावं. मेडिकलच्या (नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटीत नेफ्रोलॉजी, युरोलॉजी दोन्ही आहेत, माझ्या मामेभावाचं काम तिथेच झालं होतं.

६ ऑगस्टला दुर्बिणीने ऑपरेशन झालं. गाठ किडनीच्या पृष्ठभागावरून दिसत नव्हती, म्हणून युरोलॉजिस्ट सरांनी आत छोटा सोनोग्राफीचा प्रोब घालून जागा पक्की केली आणि तेवढाच तुकडा काढला. बिल २,६०,००० च्या थोडं वर, त्यातले ग्लोव्ह्ज वगैरे किरकोळ खर्च आम्हाला भरावे लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने बीपी घेतलं, मग दुसऱ्या हाताला पट्टा बांधून परत घेतलं. ११६/७४, एकही गोळी नसताना. आई तिला म्हणाली, "बाई, अजून एकदा घे." तिने घेतलं.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट दहा दिवसांनी आला, जास्तीच्या रंग-तपासण्यांचे ६,५०० वेगळे लागले. सीडी ३४ आणि सीडी ११७ (या पेशींवरच्या खुणा, स्कॅनच्या सीडीशी संबंध नाही) पॉझिटिव्ह, जक्स्टाग्लोमेरुलर सेल ट्युमर, कडा स्वच्छ, कॅन्सर नाही. ब्लॉक आणि स्लाइड्स (गाठीचे जपून ठेवलेले नमुने) मागितल्या तर देतात, आम्ही पावतीवर सही करून घेऊन ठेवल्या आहेत. सहा आठवड्यांनी रेनिन केलं, ते मर्यादेत आलं, पोटॅशियम सिरपशिवाय ४.२ आहे. फेब्रुवारीत सोनोग्राफी आहे, पुढच्या ऑगस्टमध्ये एमआरआय आणि हृदयाच्या भिंतीसाठी परत टूडी इको. एमआरआयच्या चिठ्ठीवर ऑपरेशनची तारीख, गाठीचं नाव आणि जुन्या सीटीतली गाठीची जागा मॅडमनी आत्ताच लिहून दिली आहे, ती फाईलमध्ये पहिल्याच पानाला लावली आहे.